खोकणारा खांब

लांटिंगचं लांबघर, एन्सिलुंग नदी
४ मार्च १९८७

उंगात,

तू जिवंत आहेस हे मला बोटवाल्याकडूनच कळतं, म्हणून हे पत्रही त्याच्याच हाती देते. माझा गुडघा होता तसाच आहे, डुकरं बरी आहेत, नात सहावी पास झाली. झाली ख्यालीखुशाली. आता कामाचं बोलते.

नवं लांबघर बांधायला घेतलंय. जुनं आम्ही गेल्या वर्षीच उतरवलं आणि खांब तेवढे नदीत बुडवून ठेवले. वरच्या अंगाला कुणीतरी एका रिकाम्या घराचे बेलियन लाकडाचे आठ खांब यंत्राच्या करवतीने कापून नेले, तेव्हापासून सगळ्यांनी धसका घेतलाय. पाण्यात टाकलं की चोराला दिसत नाही, आणि बेलियन काही तरंगत वर येऊन ‘मी इथे आहे’ म्हणत नाही. आठ महिने तळाशी होते. वर काढले तर होते त्याहून टणक.

आता एकेक खांबाचा बुंधा कुठला नि शेंडा कुठला हे बघून मग रोवायचं चाललंय. उलटा खांब रोवला की घराचं सगळंच उलटं होतं, हे तुला मी सांगायला नको. दुसरं लाकूड असतं तर पाण्यात टाकून बघितलं असतं, जड बाजू खाली गेली की तो बुंधा. बेलियन दोन्ही टोकांनी एकदम बुडतं आणि काही सांगत नाही. म्हणून गारा आजोबा खांबाला बरोबर मधोमध वेताचा फास घालून टांगतो. जी बाजू झुकेल तो बुंधा. पूर्वी हा म्हातारा नुसत्या मुठीने ठोकून आवाजावरून झाडाची कुंडली सांगायचा, पण आता ठार बहिरा झालाय.

एकवीस खांब झाले, कुणाची तक्रार नाही. बाविसावा आपला, माझ्या खोलीचा. टांगला, आणि झुकली वरची बाजू! अडतीस वर्षं छपराकडे होती ती. तुळईची खाच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे वर काय होतं नि जमिनीत काय होतं याबद्दल वादच नाही. गाराने तीनदा टांगला, तीनदा तेच. मग सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हापासून ऐकते आहे. मुखिया लांटिंगच्या दाढा पडल्या, माझ्या खांबामुळे. उंदरांनी भात खाल्लं, माझ्या खांबामुळे. त्याची मेहुणी पोलीस शिपायाबरोबर पळाली, तेही माझ्याच खांबाने केलं. त्याची बायको म्हणते, मला मूल उशिरा झालं ते उगाच नाही. मी म्हटलं, “बाई, तुझा नवरा चार वर्षं ब्रुनेईला होता, त्यात माझ्या खांबाने काय करायचं होतं?”

खांब रोवला रेंगीने, म्हणून सगळा दोष रेंगीचा. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तो काय उत्तर देणार? तुला आठवतं ना, सणाला पडवीत नाच रंगला की तो खांबाला कान लावून म्हणायचा, “ऐका, हा खोकतोय!” लोक तेव्हा हसायचे. आता म्हणतात, डोक्यावर उभं केल्यावर खोकेल नाही तर काय.

झाड तू तोडलंस, तू तासलंस, टोकं तूच सारखी केलीस. बुंधा कुठला, एवढं एका ओळीत कळव.

तुझी थोरली बहीण, आका,
लुलोंग


सिबू
१३ मार्च १९८७

आका,

पत्र मिळालं. गुडघ्याला आल्याचा रस लाव.

आता खांबाचं. तू अगदी योग्य माणसाला विचारलंस, कारण सबंध सिबूत बेलियन माझ्याइतकं कुणाला कळत नाही. सत्तावीस वर्षं वखारीत होतो. ओंडक्यावर हातोडी मारायची, कान द्यायचा आणि पोकळ की भरीव ते सांगायचं, हीच माझी नोकरी. साहेब म्हणायचे, उंगातचा कान म्हणजे कान आहे. बेलियनमध्ये खिळा मारायला जा, खिळा वाकतो. आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं, आणि तेही दोनदा थांबून, नाहीतर गिरमिट तापून लाल होतं. वाळवी त्याला तोंड लावते आणि दुसरीकडे जेवायला जाते. ताजं कापलं की पिवळट दिसतं, मग तांबूस होतं, मग काळंभोर. त्याच्या फळ्यांचं छप्पर बापाने घातलं तर नातवाला फक्त खाली बसायचं काम उरतं. चिखलात, पाण्यात, उन्हात, कुठेही ठेव, त्याचं काही बिघडत नाही.

पण आका, हे बुंधा-शेंडा घेऊन बसणारे लोक आता उरलेत कुठे? इथे सिबूत चार मजली इमारती सिमेंटच्या खांबांवर उभ्या आहेत. त्या सिमेंटचा बुंधा कुठला, हे कुणी विचारतं का? गारा म्हातारा झाला, बहिरा झाला, कदाचित फास मधोमध बसला नसेल. माझं ऐक. तो खांब कापून त्याच्या छपराच्या फळ्या काढून टाक. चांगल्या दीड-दोनशे निघतील. मी तुला सिमेंटचा खांब ओतून देतो. आणि पंचांनी दंड सांगितला तर डुक्कर मी पाठवतो, त्याची काळजी करू नकोस.

रेंगीबद्दल मी काय बोलणार? ज्याने मेहुण्याची तासणी चोरली त्याने खांब सरळ रोवला असेल असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसतो.

तुझा
उंगात


२७ मार्च १९८७

उंगात,

मी तुला बेलियनचे गुण विचारले नव्हते. बेलियनच्या घरात जन्मले, बेलियनच्याच घरात मरणार आहे. तू मला त्याची ओळख करून देतोस? बुंधा कुठला हे विचारलं होतं. दोन पानं लिहिलीस आणि त्यात तेवढंच नाही.

तुझ्या सिमेंटला आग लागो. गेल्या वर्षी सरकारी शाळेने सिमेंटचे खांब आणले, दोन पुरांत त्यांच्या आतल्या लोखंडी काड्या बाहेर आल्या. आणि खांब कापून फळ्या करू? शेवटचं वर्षभर रेंगी त्या खांबाला पाठ टेकून बसला होता. त्याच्या पाठीने तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, हात फिरवला की कळतं. तिथे करवत लावायची?

आणि ती तासणी! अडतीस वर्षं झाली रे! रेंगीने तेव्हाही शपथ घेतली होती की मी घेतली नाही. तू ऐकलं नाहीस. मग त्याने बिचाऱ्याने आठ दिवस बसून तुझ्यासाठी नवी केली. मूठही बेलियनची, कारण तुला म्हणे जडच मूठ लागते, सगळे लोक हसतात तरी. सगळ्यांसमोर तुझ्या हातात दिली, आणि तू ती आपल्या घाटाखालच्या डोहात भिरकावलीस. डुबुक झालं आणि संपलं. पुढे तुझ्याच लेकीच्या लग्नात तू त्याच्या हातचा तुआकचा, तांदळाच्या दारूचा, पेला घेतला नाहीस. तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला, आणि मग स्वतःच पिऊन टाकला आणि म्हणाला, “चांगली झालीय.” मी त्या दिवशी तुला काही बोलले नाही. आज बोलते. तुला लाज वाटायला हवी होती.

आता इथलं ऐक. पंचवीस एप्रिलला पडवीत बैठक आहे. लांटिंग म्हणतो, खांब उलटा ठरला तर माझी खोली मधून उचलून घराच्या शेपटीला न्यायची, डुकरांच्या वाटेवर. ते मी सोसेन. पण पुढचं सोसणार नाही. मेलेल्यांच्या सणात प्रत्येकासाठी एक टोपली विणतात आणि तिच्यातून त्याच्या नावाने तुआक पितात. रेंगीची टोपली विणायची नाही, म्हणे. ज्याने घरावर संकट आणलं त्याला घराने प्यायला का बोलवावं? मी सगळ्यांसमोर सांगितलंय की माझा भाऊ लाकडातला माणूस आहे, तो लिहील ते मान्य करा. त्यांनी मान्य केलंय.

आणखी एक. तू न मागता डुक्कर देऊ केलंस. ज्याने मला जन्मात कोंबडी दिली नाही! मला झोप नाही तेव्हापासून.

आका


सिबू
४ एप्रिल १९८७

आका, पोटात गडबड आहे. डॉक्टरने लिहायला-वाचायला मनाई केली आहे. बरा झालो की सविस्तर लिहितो.
उंगात


९ एप्रिल १९८७

पोटासाठी कुठला डॉक्टर लिहिणं बंद करतो? तू काय पोटाने लिहितोस? बुंधा कुठला?
लुलोंग


सिबू
१५ एप्रिल १९८७

आका,

हे पत्र तीनदा फाडलंय, हे चौथं. आता जे निघेल ते निघेल.

खांब उलटा नव्हता. रेंगीने सरळ रोवला होता. जमिनीत होती ती बाजू बुंध्याचीच.

आता विचारशील, मग बुंधा हलका कसा? तो पोकळ आहे म्हणून.

तुझ्या खोलीसाठी मी पहिलं झाड तोडलं होतं ते असं होतं की काय सांगू. सरळ, भरीव, कुऱ्हाड मारली की घंटा वाजावी. ते ओढून नदीवर आणलं आणि नेमकी चिनी व्यापाऱ्याची बोट आली. त्याच्याकडे ग्रामोफोन होता. तुला माहीत आहे, तेव्हा मी जेलियाच्या मागे होतो, आणि तिच्या मागे आणखी तिघं होते, त्यातल्या एकाचा आवाज चांगला होता. माझा आवाज कसा आहे ते तू ऐकलंयस. त्या झाडाच्या बदल्यात मी ग्रामोफोन घेतला. तेलाच्या विहिरीवर काम करून आणला म्हणून सांगितलं ते खोटं. तबकड्या तीनच होत्या, त्यातली एक भेगाळलेली, पण जेलिया माझी बायको होऊन आली. ती असेपर्यंत तिलाही हे सांगितलं नाही.

मग दुसरं झाड शोधलं. बाहेरून राजबिंडं, आणि पाडल्यावर बघतो तर बुंध्यात हात घालता येईल एवढं भोक. जुन्या बेलियनला हा रोग असतोच. खांब रोवायला सहा दिवस उरले होते. पोकळ भाग कापून टाकला तर लांबी पुरत नव्हती. तेव्हा मी जंगलाच्या कडेला बसून आतला कुजका गाभा छोट्या तासणीने खरवडून काढला. खांद्यापर्यंत हात आत जायचा. मग त्याच झाडाच्या तुकड्यातून एक बूच केलं.

आका, ते बूच! मी जन्मात एवढं चांगलं काम पुन्हा केलं नाही. आख्खा दिवस त्यावर घालवला. लाकडाच्या रेघा बाहेरच्या रेघांना जुळवल्या, कडेला राळ भरली, वरून चिखल घासला. सुई जायला फट नव्हती. आणि ते कुणाला दाखवता येत नाही हे केवढं दुःख आहे, ते तुला कळायचं नाही. वखारीत सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पोकळ झाडं पकडली आणि प्रत्येक वेळी आपलं आठवलं.

रेंगीला यातलं काही माहीत नव्हतं. तो जवळजवळ आलाच होता एकदा. बूच तयार होतं, संध्याकाळी मी आत शेवटचं खरवडत होतो आणि त्याची शीळ ऐकू आली. हात झटकन बाहेर काढला, बूच तोंडावर बसवलं आणि त्यावरच पाठ टेकून बसलो. त्याने तुआकची बाटली आणली होती, म्हणाला, “दमला असशील.” आम्ही ती संपवली आणि मग तो जाऊन दुसरी घेऊन आला. सकाळी डोकं फुटत होतं, तशातच बूच ठोकून घट्ट केलं. आणि त्याच दिवशी बघतो तर तासणी गायब. आदल्या संध्याकाळी माझ्याजवळ रेंगीशिवाय कुणी आलं नव्हतं. मग संशय दुसऱ्या कुणाचा घ्यायचा? त्या बाबतीत मी आजही म्हणतो, त्याने घेतली. पण खांब त्याने सरळ रोवला, हे खरं ते खरं.

हे पत्र पंचांसमोर वाच. मला जे म्हणायचं ते म्हणू देत. मी तसाही तिकडे येणार नाही.

तुझा नालायक
उंगात


२८ एप्रिल १९८७

उंगात,

तुझं पत्र पडवीत मोठ्याने वाचलं. ग्रामोफोनपाशी मला पाच मिनिटं थांबावं लागलं, एवढे लोक हसत होते. चांगल्या आवाजाचा तो, सांडाक, सुपारी चघळत समोरच बसला होता. म्हणाला, “चाळीस वर्षं मला वाटत होतं माझ्यातच काही कमी आहे.”

मग सगळे उठून खांबापाशी गेले. गाराला हातवारे करून समजावलं. तो खाली बसला आणि बुंध्यावर नख फिरवायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. काही लागेना. लांटिंग म्हणाला, हा भाऊ बहिणीसाठी थापा मारतोय. तेव्हा गाराने बुंधा ओला करायला लावला आणि उन्हात ठेवायला सांगितला. आम्ही जेवून आलो तोवर बाकीचं वाळलं होतं आणि एक गोल ओली रेघ तेवढी राहिली होती, केसाएवढी. गाराने त्या रेघेवरून नख फिरवलं आणि ओरडला, बहिरी माणसं ओरडतात तसा, “हरामखोर! पण काय काम आहे!” घे. ऐकायचं होतं ना तुला? मिळाली शाबासकी.

बूच काढायला दोन माणसांना दुपार लागली. मग खांब कलता केला. आधी काळी माती आली. मग काहीतरी आत खडखडलं आणि घरंगळत बाहेर आलं.

तुझी तासणी.

पातं गंजून निम्मं उरलंय. मूठ मात्र जशीच्या तशी आहे, बेलियनची ना ती. तू कोरलेल्या तीन खाचा आणि धनेश पक्ष्याची चोचही तिच्यावर आहे. शीळ ऐकून तू हात बाहेर काढलास, उंगात. तासणी काढली नाहीस. वर बाटलीभर तुआक प्यायलास आणि सकाळी स्वतःच्या हाताने बूच ठोकलंस.

मला आधी हसू आलं. अडतीस वर्षं तो खांब खोकत होता, लोक नाचले की आत तुझी तासणी वाजत होती, आणि ते ऐकणारा एकटा रेंगी होता. त्यालाच आपण सगळ्यांनी वेडा म्हटलं. मग मला रडू आलं आणि थांबेना. बत्तीस वर्षं तो चोर म्हणून जगला, आणि चोरीचा माल त्याच्या पाठीशी होता, त्यालाच टेकून तो बसायचा. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी तीच तासणी तुला फेकून मारली असती.

निकाल असा. रेंगीवर दोष नाही. त्याची टोपली मी विणायला घेतलीय. खोली जागेवरच राहील. डुक्कर तुझ्याकडून, तू कबूल केलंच आहेस, मोठं आण. लांटिंगने विचारलं, मग माझ्या दाढा कशाने गेल्या? गारा म्हणाला, सुपारी कमी खा.

खांब तोच रोवायचा आणि तसाच. गारा म्हणतो, पोकळ असून अडतीस वर्षं उभा राहिला, आणखी शंभर राहील. फक्त बूच बसवायचं राहिलंय. दोघा-तिघांनी हात पुढे केला, मी कुणाला हात लावू दिला नाही. वीस मेला खांब रोवायचा आहे. ज्याने बूच केलं त्यानेच येऊन ठोकावं, आणि ठोकताना रेंगीची माफी तोंडाने मागावी, सगळ्यांना ऐकू येईल अशी. गारालाही. पत्रातून चालणार नाही. ‘येणार नाही’ वगैरे मी वाचलेलं नाही, तेवढ्या ओळीवर शाई पसरली आहे.

तासणी बोटवाल्याबरोबर पाठवते. चोराने परत केली असं समज.

आका


सिबू
७ मे १९८७

आका,

तासणी मिळाली. बोटवाला देऊन गेला तेव्हा मी दारातच फतकल मारून बसलो. लेकीला वाटलं मला झटका आला. मूठ अजून हाताला बसते. ती धरली आणि रेंगी त्या लग्नात पेला धरून उभा होता ते दिसलं. मी त्याच्या तोंडावर चोर म्हटलं होतं, एकदा नाही, दरवेळी. तो एकदाही माझ्या अंगावर आला नाही. माझ्यासाठी दुसरी बाटली आणायला अंधारात घरापर्यंत जाऊन आला होता तो माणूस.

मी येतो. डुक्कर घेऊन येतो. मोठं.

पण वीसला नाही, पंधरालाच येतो. त्याने केलेली तासणी मी कुठे टाकली ते मला पक्कं आठवतंय. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो आणि समोरच्या काळ्या दगडाच्या रोखाने फेकली होती. पातं गेलं असेल. पण मूठ बेलियनची होती, तूच लिहिलंस. म्हणजे ती तरंगून कुठे गेली नसेल आणि कुजलीही नसेल. तळाच्या चिखलात तिथेच असेल. पाच दिवस बुड्या मारीन. साठीचा आहे, पण दम अजून आहे.

सापडली तर बूच तिनेच ठोकीन. नाही सापडली तर रेंगीची माफी ओलाचिंब उभा राहूनच मागीन, आणि लोकांना हसू दे. घाटावर एक कोरडी लुंगी आणून ठेव, आणि तुआकचे दोन पेले. एक मी पिईन. दुसरा त्याच्या नावाने खांबाजवळ ठेव, तो चांगली झालीय म्हणेल.

उंगात